उसना सनईवाला

पुण्याला परत आल्यावर आमच्या ढोलपथकातल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं, कोण जिंकलं? मी सांगायला लागले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ऐकणाऱ्याचं लक्ष उडायचं, कारण उत्तर एका शब्दात येत नव्हतं. आमच्या पथकाला एका शब्दातली उत्तरं आवडतात, आणि तो शब्द आमच्याच पथकाचं नाव असला तर फारच. म्हणून सगळं लिहूनच काढते. महाड-पोलादपूर म्हणजे गोव्याला जाताना जिथे गाडी चहाला थांबते ती जागा, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा धीराने वाचावं.

जाण्याचं कारण असं. माझ्या मैत्रिणीचे मामा, दामले सर, महाडच्या शाळेतून निवृत्त झालेले. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवर एका गावाच्या दोन वाड्या आहेत, वरची आणि खालची. दोन्ही वाड्यांचा आपापला खालू बाजा, म्हणजे ढोल, टिमकी, झांज आणि सनई. दर शिमग्याला गावदेवीची पालखी निघायच्या आदल्या दिवशी या दोन बाजांचा सामना होतो. जिंकेल तो बाजा पालखीच्या पुढे चालतो आणि पहिल्या दिवशी पालखी त्याच्या वाडीत येते. हरेल तो मागून चालतो आणि त्याच्या वाडीत पालखी दुसऱ्या दिवशी जाते.

निकाल द्यायला माणूस बाहेरचा लागतो, कारण कुठल्याच वाडीशी सोयरीक नाही असा माणूस त्या पंचक्रोशीत मिळत नाही. आधी दामले सरच हे काम करत. पण मागच्या शिमग्याला खालच्या वाडीने शोध लावला की वरच्या वाडीतले काहीजण सरांचे विद्यार्थी होते. मी त्यांना सगळ्यांना गणितात नापास केलं होतं, हा सरांचा बचाव कुणी ऐकून घेतला नाही. मग सरांना मी आठवले. मी पुण्यात ताशा वाजवते, महाडशी माझा काही संबंध नाही आणि तिथे मला कुणी ओळखत नाही, एवढ्या पुण्याईवर मी परीक्षक झाले.

वरंध घाट

भोरवरून जाणारी एसटी घेतली. मांडीवर ताशा होता. कंडक्टरने तो पिशवीबाहेरून चाचपला आणि आत पातेलं आहे का म्हणून विचारलं. ताशा आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग शेजारच्या आजोबांकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ताशा आजोबांचा असावा अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली आणि तो पुढे गेला.

घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली. तिथे कांदाभजी खाल्ली नाही तर गाडी खाली उतरत नाही, असं ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. वर हवा गार होती, समोर कडे सरळ तुटलेले, आणि खाली वरंधकडे उतरणारा रस्ता इतक्यांदा वळत होता की पुढचं वळण आणि मागचं वळण एकाच नजरेत दिसत होतं. घाट उतरला तशी हवा दमट झाली आणि बोलणं बदललं. वर भोरमध्ये लोक एकमेकांवर ओरडत होते. खाली लोक तेच बोलत होते, पण हेल काढून, त्यामुळे भांडण आहे की विचारपूस ते कळत नव्हतं.

महाड

दामले सरांचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. काकूंनी आमरसाची वेळ झाली नाही याबद्दल आल्या आल्या माझी माफी मागितली आणि मग जे वाढलं त्यावरून आमरसाला जागा उरली नसती हेही दिसलं. जेवताना मी सरांना आमच्या पथकाची शिस्त सांगितली. एक पथक धरलं की धरलं. आमच्यातली एक मुलगी नदीपलीकडच्या पथकात गेली, तेव्हा तिच्या लग्नाला जायचं की नाही यावर आम्ही मीटिंग घेतली होती. शेवटी गेलो, पण जेवलो नाही. फक्त आइस्क्रीम खाल्लं.

सर गालात हसले. "उद्या वाडीत हे सांगू नकोस," म्हणाले. का ते मात्र सांगितलं नाही.

वरची वाडी आणि मग खालची

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांबरोबर महाडहून पोलादपूर आणि तिथून ट्रॅक्स जीप. ट्रॅक्समध्ये किती माणसं मावतात याला उत्तर नाही. ड्रायव्हर म्हणतो तेवढी मावतात. मुंबईहून शिमग्याला आलेले चाकरमानी होते, त्यांच्या बॅगा होत्या, एक कोंबडा होता. नव्या कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरून आलेल्या एका पोराने गाडी किती वेळात पोचली हे सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी कोंबडाही दुसरीकडे पाहायला लागला. शेवटचा चढ पायी. शेतांत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजलेला होता, काळ्या वाफ्यांतून अजून धुराचा वास येत होता, आणि उतारावर पळस ऐन भरात होता.

परीक्षकाला दोन्ही वाड्यांनी सारखं जेवू घालायचं अशी तिथली रीत. जास्त कुणी घालू नये म्हणून पदार्थही आधी ठरवून घेतात. यंदा वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी आणि भात ठरलं होतं. पहिलं जेवण वरच्या वाडीत, सखारामदादांकडे. सखारामदादा म्हणजे त्या भागातले नावाजलेले सनईवाले. मला त्यांना बघायचं होतं, पण ते घरी नव्हते. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, मला पाट दिला आणि सहज सांगितलं की ते खालच्या वाडीत सरावाला गेलेत.

माझा घास हातात राहिला. सामन्याच्या दिवशी, समोरच्या संघात, सराव? पुण्यात एवढ्यावर दोन पथकं फुटली असती. मी परीक्षकाचा चेहरा करून विचारलं तेव्हा हौसाबाईंनी शांतपणे समजावलं. खालच्या वाडीचा सनईवाला मुंबईला कंपनीत आहे, त्याला यंदा रजा मिळाली नाही. सनईशिवाय बाजा नाही आणि बाजाशिवाय सामना नाही. मग समोरच्याने आपला गडी उसना द्यायचा. वरच्या वाडीत सनईवाले दोन, सखारामदादा आणि त्यांचा धाकटा भाऊ भिकू. दिलं सखारामदादांना.

"पण चांगला सनईवाला का दिला? भिकूला द्यायचं," मी म्हटलं.

हौसाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू पुण्यात आईबापांनी पोरींना काही शिकवलंच नाही. "द्यायचा तर बरा द्यावा गो बाय. वायीट दिला तर त्याला दिला म्हनत नाय," त्या म्हणाल्या. आणि एकदा दिलेला गडी पालखी देवळात परत जाईपर्यंत त्यांचाच. तिकडेच जेवणार, त्यांच्यातच बसणार, निजायला तेवढा घरी येणार.

एवढ्यात आतून तान्ह्या मुलीच्या रडण्याचा आवाज आला आणि हौसाबाईंची सून तिला घेऊन बाहेर आली. मुलगा, सून आणि नात मुंबईहून आलेले. सुनेचं आधीचं मूल गेलं होतं. या खेपेला सगळं नीट झालं तर दारात आलेल्या पालखीखाली मूल ठेवीन, असा हौसाबाईंचा नवस. मुलाची रजा संपत आलेली, त्याला पालखीच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी निघायचं होतं. म्हणजे वरची वाडी जिंकली तर उद्या पालखी दारात, नात पालखीखाली. हरली तर पालखी दारात येईल तेव्हा नात मुंबईला पोचलेली असेल. आणि वरच्या वाडीला हरवायला हौसाबाईंचाच नवरा खाली सनईच्या पत्तीला पाणी लावून बसलेला.

सून हळूच म्हणाली, "आत्या, परीक्षकांना हे कशाला सांगता?"

"सांगत नाय गो, बोलते," हौसाबाई म्हणाल्या आणि माझ्या भातावर आणखी बिरडं घातलं. ते ठरल्यापेक्षा जास्त होतं, पण मी ते संपवलं.

मग खालची वाडी आणि दुसरं जेवण. धोंडूदादांच्या ओटीवर पंगत बसली होती. धोंडूदादा खालच्या वाडीचे ढोलवाले आणि बाजाचे म्होरके, आवाज मोठा, मिशा आवाजाला साजेशा. त्यांच्या शेजारी एक किडकिडीत माणूस मान खाली घालून जेवत होता, तेच सखारामदादा. पुन्हा वालाचं बिरडं आलं. कुणाचं बरं, म्हणून एकाने विचारलं. बिरड्याचा निकाल मी देणार नाही म्हटल्यावर पंगत खूश झाली.

"हौसानं नवसाचं सांगितलं आसंल," धोंडूदादा भाकरी मोडत म्हणाले. सखारामदादांची मान आणखी खाली गेली. "सांगू दे. मंग आमचंपन ऐका." आणि त्यांनी सांगितलं की गेल्या काही वर्षांत पहिल्या दिवशी पालखी खालच्या वाडीत आलेली नाही, पोरं मुंबईहून यायला कंटाळतात, यंदा हरलो तर पुढच्या शिमग्याला ढोल उचलायला माणूस मिळेल की नाही देव जाणे. "आता दोनी बाजूचं सारखं झालं. जेवा," म्हणाले.

माळावर

सामना माळावर, मोठ्या आंब्याखाली, दुपार कलल्यावर. दामले सरांनी उभं राहून नियम वाचून दाखवावा तसा सांगितला: वाजवणं मध्येच तुटलं तर तो बाजा मागे. दोन्ही वाड्यांनी मान डोलावली. मला त्यांनी आधी ताशा वाजवायला लावला. मी पुण्याचं आमचं जे काही जोरदार असतं ते वाजवलं. लोकांनी कौतुकाने ऐकलं, बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि एक म्हातारे आजोबा शेवटी म्हणाले की छान आहे, पण कुठे आग लागली आहे का. खालू बाजाला आग नसते. तो चालत येतो. ढोल पाऊल टाकतो, टिमकी मागून लुडबुडते, सनई वरून सगळ्यांना घेऊन जाते, आणि ऐकणाऱ्याचे पाय त्याला न विचारता हलायला लागतात.

वरची वाडी आधी वाजवायला उभी राहिली. ढोल अगदी बांधलेला, झांज नेटकी. भिकूची सनई गोड होती पण तिला घाई होती. समोर मोठा भाऊ उभा राहून ऐकतो आहे म्हटल्यावर कुणालाही होईल.

मग खालची वाडी. सखारामदादांनी सनई तोंडाला लावली आणि मी माझं पुणं विसरले. काय वाजवत होते ते. इतका वेळ मान खाली घालून बसलेला माणूस कुठे गेला कळेना. पहिल्या आवर्तनालाच वरच्या वाडीच्या माणसांच्या माना डोलायला लागल्या. आपण कुणाला डोलतोय हे लक्षात आल्यावर ती माणसं जरा सावरली, पुन्हा डोलली. हौसाबाई बायकांच्या घोळक्यात कडेला उभ्या होत्या, खांद्यावर नात. आपला नवरा आपली पालखी आपल्याच हाताने दुसऱ्या वाडीला देतो आहे, हे त्या बघत होत्या. चेहऱ्यावर अभिमान होता, आणि रडूही.

वाजवणं संपायला आलं असताना सनई किंचाळली आणि बंद पडली. तोंडाशी धरायची पत्ती मधून चिरली होती.

धोंडूदादांचा ढोल थांबला नाही. एकटा ढोल चालत राहिला. समोरून भिकू धावत आला, आपल्या सनईची पत्ती काढून भावाच्या हातात दिली आणि परत आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला. सखारामदादांनी ती बसवली, सूर परत धरला आणि वाजवणं पुरं केलं. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे सखारामदादांकडे बघत होते, आणि कुणाच्या मनात काय आलंय हे मला, बाहेरून आलेल्या बाईलाही, दिसत होतं. पत्ती आपोआप चिरली, की पालखी आपल्या दारात यावी म्हणून मुद्दाम चिरली?

मी सरांकडे पाहिलं. ते शेंगदाणे सोलत होते आणि आज त्यांना कशातच मत नव्हतं.

मला पळवाट दिसत होती. ढोल थांबला नव्हता, म्हणजे वाजवणं तुटलंच नाही असं मी म्हणू शकले असते. मग खालची वाडी जिंकली असती, सखारामदादांच्या नावाला डाग लागला नसता. पण हौसाबाईंची नात पालखीखाली गेली नसती. नियम धरला तर नात पालखीखाली, आणि माळावरची प्रत्येक नजर जन्मभर सखारामदादांवर. दोन्हीकडचं बिरडं माझ्या पोटात होतं आणि दोन्ही सारखंच जड झालं होतं. मला खरंच रडू येत होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी माणसांचा विचार करते आहे आणि मला बोलावलंय कानांसाठी. कानांना काय ऐकू आलं? सूर तुटला होता. खालू बाजात सनई म्हणजेच वाट, ती तुटली तर ढोल नुसता चालतो, पोचत नाही.

मी उठून सांगितलं, वरची वाडी.

जिंकलेल्यांनी आनंद केला नाही. कुठूनतरी कुजबुज आली, पत्ती बरी मोक्यावर चिरली. सखारामदादांनी ती ऐकली. हातातली सनई ते उगाच पुसत राहिले. हौसाबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं, त्यांना हवं ते मिळालं होतं आणि ते त्यांना त्या क्षणी नको होतं.

धोंडूदादांनी गळ्यातला ढोल उतरवला आणि माळाच्या मधोमध आले.

"सखाराम आमचा गडी हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीइतका मोठा नव्हता. "आमच्या गड्याची पत्ती चिरली, म्हंजे आमची चिरली. आमी हरलो. कुनाला काय बोलायचं आसंल तर मला बोला, त्याला नाय."

मग कुजबुजणाऱ्याच्या दिशेने एका बाईने असं बघितलं की तो माणूस आंब्याच्या मागे गेला.

पालखी

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघाली. पुढे वरच्या वाडीचा बाजा, भिकूची सनई आज घाई करत नव्हती. मागे खालची वाडी, गप्प, आपापली वाद्यं खांद्याला. त्यांच्यात सखारामदादा. रिकाम्या हाताने चालले तर चुकेल असं वाटून त्यांनी सनई दोन्ही हातांनी धरली होती. मी शेवटी चालत होते. एका चढावर माझी चप्पल तुटली. ती तशीच हातात घेऊन निघाले, तेव्हा खालच्या वाडीच्या एका बाईने सुचवलं की परीक्षकबाईंनाही कुणीतरी चप्पल उसनी द्यावी. सगळी वाडी हसली, सखारामदादाही हसले, आणि मला तेवढ्याने हायसं वाटलं.

वरच्या वाडीत पालखी एकेक दार करत हौसाबाईंच्या अंगणात आली. अंगण सारवलेलं, रांगोळी, मुलगा आणि सून नवे कपडे घालून उभे. मानाच्या माणसांनी पालखी खांद्यावर उंच धरली. आता नातीला खाली ठेवायचं. हौसाबाईंनी मूल हातावर घेतलं आणि वळून बघितलं. सखारामदादा अंगणाबाहेर, वाटेच्या खालच्या वळणावर, खालच्या वाडीच्या माणसांत उभे होते. हरलेला बाजा अंगणात शिरत नाही, अशी रीत.

हौसाबाई त्यांच्यासाठी तशाच उभ्या राहिल्या. पालखी खांद्यावर वर धरलेली, खांदेकरी घामाघूम.

"जा रं सखाराम," धोंडूदादा म्हणाले. "तुझीच नात हाय ती."

"पालखी देवळात गेली नाय आजून," सखारामदादा म्हणाले. "मी तुमचा हाय. तुमाला सोडून कसा जाऊ?"

मला वाटलं, हा माणूस हट्टी आहे. मग वाटलं, काल त्याच्यावर जे शिंतोडे उडाले त्यानंतर तो आत जाणारच नाही, आणि गेला नाही तर नवस अर्धा राहील, आणि हे माझ्या एका निकालाने झालं.

धोंडूदादांनी मिशीवरून हात फिरवला. मग आपल्या माणसांकडे वळले.

"हा एकला जात नाय म्हनतो. मंग आपुन सगळेच जाऊ. हरलेला बाजा आत जात नाय, पावनी म्हनून आलेली मानसं जातात. वाद्यं ठेवा हितं."

ढोल, टिमक्या, झांजा वाटेवरच्या गवतात ठेवल्या गेल्या. सखारामदादांनी सनई ढोलावर ठेवली. आणि खालची वाडी, सगळीच्या सगळी, एक माणूस मध्ये धरून, हौसाबाईंच्या अंगणात शिरली. वरच्या वाडीने हसत सरकून जागा केली. खांदेकऱ्यांपैकी एकजण जरा लवकर करा म्हणाला, त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

हौसाबाईंनी नातीला सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. पालखी तिच्यावरून गेली. मूल रडलं नाही, वर चमकणाऱ्या झालरीकडे बघत राहिलं. सुनेने हात जोडले, मुलाने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणून सांगितलं, धूर कुठेच नव्हता.

मग हौसाबाई पाहुण्यांना गूळपाणी द्यायला निघाल्या. धोंडूदादांना दिलं, त्यांच्या माणसांना दिलं. रांगेत शेवटी नवरा उभा होता, आपल्याच दारात, कुठे बसावं ते न सुचून. त्यांनी पदर सावरला आणि गुळाची वाटी पुढे केली.

"घ्या पावनं," त्या म्हणाल्या. "लांबून आलात."

सखारामदादांनी गूळ घेतला, घटाघटा पाणी प्यायले आणि पाहुण्यासारखे ओटीच्या कडेला बसले. हौसाबाईंनी नात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.